सोनेरी धाग्याचें दुसरें टोंक

आत्मचरित्र केव्हां लिहावें, हा प्रश्न संसारी माणसापेक्षां संन्याशाला अधिक अवघड आहे. संसारी माणसाच्या आयुष्यांत नोकरी, लग्न, मुलेंबाळें असे टप्पे असतात आणि लेखणी त्यांच्या आधारानें चालते. मठांत शिरलेल्या माणसाचा मात्र आजचा दिवस कालच्यासारखा. मग त्यानें लिहावयाचें काय? पुष्कळदां असें होतें कीं मठाच्या दारापर्यंतची वाट तो रंगवून सांगतो, आणि दार लागलें कीं लेखणी खालीं ठेवतो. बीड ग्रिफिथ्स या इंग्रज बेनेडिक्टाइन संन्याशाच्या 'दि गोल्डन स्ट्रिंग' या १९५४ सालच्या आत्मचरित्राचें बळ आणि त्याचें वैगुण्य, दोन्हीं याच एका गोष्टींत आहेत, असें आम्हांस वाटतें.

पुस्तकाचें नांव विल्यम ब्लेकच्या एका कवितेवरून घेतलेलें आहे. हातीं आलेला सोनेरी धागा गुंडाळीत गेलें म्हणजे माणूस स्वर्गाच्या दारापाशीं पोंचतो, अशी त्यामागची कल्पना. १९०६ सालीं जन्मलेल्या ग्रिफिथ्स यांच्या हातीं हा धागा शाळेच्या अखेरच्या दिवसांत एका संध्याकाळीं आला. फुललेलीं झाडें, पांखरांचें गाणें आणि मावळतीचा उजेड यांनीं नेहमींचें मैदान एकाएकीं पवित्र वाटूं लागलें. पुढें ऑक्सफर्ड येथें सी. एस. लुइस हे त्यांचे अध्यापक झाले. गुरुशिष्य दोघेही तेव्हां श्रद्धेपासून दूर होते, दोघेही पुढें तिच्याकडे वळले, आणि लुइस यांनीं १९५५ सालीं आपलें आत्मचरित्र या शिष्यास अर्पण केलें. १९३० सालीं ग्रिफिथ्स दोन मित्रांसह कॉट्सवोल्डच्या एका खेड्यांत जाऊन राहिले. यंत्रयुगाचें सुख नको, गाईंचें दूध काढावें, जुने ग्रंथ वाचावे, असा तो प्रयोग होता. तो वर्षभरही टिकला नाहीं. परंतु त्याचें वर्णन इतकें प्रांजल आहे कीं तरुणपणींचा हा हट्ट वाचकाला हास्यास्पद न वाटतां हवाहवासा वाटतो. १९३२ च्या नाताळांत ते कॅथॉलिक झाले आणि लगेच प्रिंकनॅशच्या मठांत शिरले.

येथपर्यंत पुस्तक जिवंत आहे. यापुढें निवेदन मागें पडतें आणि प्रतिपादन पुढें येतें. विचार उंच आहेत, भाषा निर्मळ आहे. पण ज्या बंधूंबरोबर वीस वर्षें जेवण, काम आणि प्रार्थना झाली, त्यांच्याशीं कधीं खटका उडाला कीं नाहीं, आज्ञा कधीं जड गेली कीं नाहीं, याचा पुरेसा पत्ता लागत नाहीं. आमच्याकडे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'नीं वाचकाची संवय बिघडवून ठेविली आहे. धर्मांतराचा भार घरच्या माणसांवर कसा पडतो, हें तेथें चूलभांड्यांतून कळतें. ग्रिफिथ्स यांच्या मठाला जणूं स्वयंपाकघरच नाहीं.

दुसरी उणीव लेखकाच्या हातची नव्हती. ती काळानें दाखविली. संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकांतील नियमाप्रमाणें संन्याशाचीं व्रतें तीन: स्थैर्य, जीवनपरिवर्तन आणि आज्ञापालन. पहिलीं दोन एकमेकांशीं भांडतात. एक म्हणतें, येथेंच राहा. दुसरें म्हणतें, आहेस तसा राहूं नकोस. 'गोल्डन स्ट्रिंग' लिहिणारा मनुष्य पहिल्या व्रतांत स्वस्थ बसलेला दिसतो, आणि धागा गुंडाळून संपला अशी वाचकाची समजूत होते. पण पुस्तक निघाल्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १९५५ सालीं, ग्रंथकर्ता हिंदुस्थानांत आला. बंगळूरजवळ केंगेरी येथील पहिला प्रयत्न फसला. १९५८ सालीं केरळांतील कुरिसुमल आश्रमाच्या स्थापनेंत त्यानें हात दिला. आणि १९६८ सालीं कावेरीकांठच्या शांतिवनांत तो कायमचा आला.

काळ किती पालटला होता, हें एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. ब्रह्मबांधव उपाध्याय यांनीं १८९९ सालीं जबलपूरजवळ नर्मदेकांठीं कॅथॉलिक मठ काढण्याचा घाट घातला, तो वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांच्या विरोधामुळें मोडला. १९५० सालीं मोंशानें आणि ल सो या फ्रेंच धर्मगुरूंनीं शांतिवन स्थापिलें, तें मात्र टिकलें. १९६२ ते १९६५ पर्यंत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषांत होऊं लागली. शांतिवनांत तींत आरती आणि संस्कृत प्रार्थनाही आल्या.

यावर आक्षेप दोन्हीं बाजूंनीं आले. चर्चमधील कित्येकांस ही भेसळ वाटली. सीताराम गोयल यांनीं १९८८ सालीं एक पुस्तकच काढून ही भगवी वस्त्रें म्हणजे धर्मप्रसाराची युक्ति आहे, असें म्हटलें. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाहीं. भगव्या वस्त्रामागें एक परंपरा आहे, आणि ज्यानें तें नेसावें त्यानें तिचा हिशेब द्यावा, ही मागणी रास्त आहे. ग्रिफिथ्स यांनीं १९८२ च्या 'दि मॅरेज ऑफ ईस्ट अँड वेस्ट' या पुस्तकांत हा हिशेब वेदांत आणि बायबल यांची सांगड घालून दिला. पण आरंभींची आत्मकथा संपतांच तेथेंही सिद्धांत कथेवर मात करतो. आमच्या मतें त्यांचें खरें उत्तर ग्रंथांत नाहीं, मुक्कामांत आहे. युक्तीसाठीं आलेला मनुष्य एका पर्णकुटींत पंचवीस वर्षें म्हातारा होत राहत नाहीं.

१९९० च्या जानेवारींत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आयुष्यभर आपण बुद्धीच्या आधारें जगलों, आणि या आजारांत मातेच्या प्रेमासारखें कांहीं तरी आपल्यावर कोसळलें, असें त्यांनीं पुढें मुलाखतींतून सांगितलें. शाळेच्या मैदानावरील ती संध्याकाळ साठांहून अधिक वर्षांनीं परत आली होती. १३ मे १९९३ रोजीं शांतिवनांतच ते वारले.

या अखेरच्या प्रकरणाचें आत्मचरित्र त्यांनीं लिहिलें नाहीं. म्हणून 'दि गोल्डन स्ट्रिंग' वाचावें तें अपुरें पुस्तक म्हणून. तसें वाचलें म्हणजे तें अधिक खरें वाटतें. अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं त्यांस जें दार वाटलें तो उंबरठा होता. स्थैर्याचें व्रत त्यांनीं मोडलें असें कोणी म्हणेल. आम्हांस वाटतें, त्याचा अर्थ समजण्यास त्यांना जागा सोडावी लागली.