गोल कुणी मोजायचे?

14 एप्रिल 2024, रविवार. कुरुंदवाडच्या घरी रात्री नऊला मी मोबाइल उशीला टेकवून बायर लेव्हरकुसेन विरुद्ध वेर्डर ब्रेमेन ही मॅच लावली होती. बाहेर आंबेडकर जयंतीची मिरवणूक चालली होती आणि डीजेने खिडकीच्या काचा थरथरत होत्या. शेजारी माझा मामेभाऊ बसला होता, एक पाय लांब करून. फ्लोरियान वर्ट्झने हॅटट्रिक पूर्ण केली, 5-0 झालं, लोक मैदानात घुसले. एकशे वीस वर्षांच्या क्लबचं हे पहिलं लीग विजेतेपद. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊ म्हणाला, "तुझा कोण लागतो रं ह्यो?"

तेव्हा मी हसलो. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

मी कधी जर्मनीला गेलेलो नाही. तरीही लेव्हरकुसेनची जुनी दुखणी मला पाठ आहेत. 2000 साली शेवटच्या दिवशी फक्त बरोबरी हवी असताना ते उंटरहाखिंगमध्ये 0-2 हरले, आणि त्यातला एक गोल त्यांच्याच बालाकने स्वतःच्या जाळ्यात मारला होता. 2002 मध्ये लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग या तिन्हींत ते दुसरे आले. लोक त्यांना चिडवून 'नेव्हरकुसेन' म्हणायला लागले. 2023-24 चा हंगाम एवढा भिडला तो या सगळ्यामुळे. लीगच्या 34 पैकी 28 सामने जिंकले, 6 बरोबरीत, एकही हार नाही. रोमाविरुद्ध 97 व्या मिनिटाला बरोबरी साधली तेव्हा सलग न हरलेल्या सामन्यांची साखळी वाचली. संपूर्ण हंगामात 53 सामन्यांत ते फक्त एकदा हरले, डब्लिनला, अटालांटाकडून 0-3.

हे आकडे कुणीतरी लिहून ठेवले म्हणून ती गोष्ट माझ्यापर्यंत पोचली. जुनी हार नोंदलेली नसती तर नवी जीत म्हणजे नुसता एक निकाल राहिला असता.

आता कोल्हापूरकडे येऊ. कुरुंदवाडहून ते चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. फुटबॉलवेड्या शहरांत त्याचं नाव कोलकाता, गोवा यांच्याबरोबर घेतलं जातं. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, 1940 पासूनची. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ अशी नावं. यातल्या कितीतरी नावांत अजून 'तालीम' आहे, कारण पेठेतल्या आखाड्यातूनच हे संघ निघाले. सामने राजर्षी शाहू स्टेडियमवर. कामाच्या दिवशीही गॅलरी भरते, पोलीस बंदोबस्त लागतो, हरलेल्या पेठेत रात्री चूल उशिरा पेटते. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा.

एवढं सगळं असूनही कोल्हापूरच्या फुटबॉलचा 'हंगाम' नाही. सामने आहेत, लीग आहे, लीगनंतर एकामागून एक चषक आहेत. पण त्यांची मिळून एक गोष्ट होत नाही.

माझी तक्रार मुख्यतः लिहिणाऱ्यांबद्दल आहे, आणि त्यात मीही आलो. आपलं सामन्याचं वृत्त एका साच्यातून निघतं. विजय 'दणदणीत' असतो किंवा 'निसटता'. पूर्वार्धात कुणी संधी दवडली, उत्तरार्धात कुणी गोल केला, मग प्रमुख पाहुण्यांची नावं. बऱ्याचदा पाहुण्यांची यादी गोल करणाऱ्यांपेक्षा लांब. हा खेळाडू गेल्या वर्षी कुठे होता, बचावफळी का फुटली, पेठेबाहेरून आणलेल्या खेळाडूमुळे खेळ कसा बदलला, यावर ओळ नसते. रोजचं वृत्त रोज संपतं. दुसरीकडे, सोशल मीडियावरचे पेठांचे व्हिडिओ: स्लो मोशन, मागे ढोल, 'नाद खुळा'. तिथे भावना भरपूर आहे, पण तारीख नाही. दोन वर्षांनी तो गोल कोणत्या सामन्यातला, हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

याची किंमत कोण मोजतं, ते मी घरात पाहिलं आहे. मामेभाऊ एका संघाकडून पाच वर्षं खेळला. मग गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशनला पेठेतल्या पोरांनी वर्गणी काढली, रात्री दवाखान्यात आळीपाळीने झोपले. हे मी विसरणार नाही. पण करार नव्हता, विमा नव्हता. पुढच्या मोसमात त्याच्या जागी दुसरा आला आणि वर्गणी काढणारी तीच पोरं त्याच्यासाठी ओरडू लागली. त्यात त्यांचंही काय चुकलं? नंतर खेळाडू कोट्यातून नोकरीचा अर्ज भरताना त्याला कामगिरीचा पुरावा हवा होता. किती सामने, किती गोल? कुठेच काही नव्हतं. होती ती मामीने पिठाच्या डब्याखाली जपलेली कात्रणं.

माझं रोजचं काम डेटाबेसचं. म्हटलं, चला, एक एक्सेल शीट करू. कात्रणांवरून एकोणीस गोल लागले. सहा कात्रणांत फक्त आडनाव होतं, आणि त्याच आडनावाचे संघात तिघं. भाऊ शीटकडे बघून म्हणाला, "गोल मोजून काय करायचं हाय आता? गुडघा मोज." अर्ज अपुरा म्हणून परत आला.

जर्मनीचं सगळं चांगलं, असं मला म्हणायचं नाही. तिथे क्लबमध्ये निम्म्याहून जास्त मतं सदस्यांकडे असावीत असा नियम आहे आणि लेव्हरकुसेनला त्यातून सूट आहे, कारण तो बायर या औषध कंपनीच्या कामगारांचा क्लब म्हणून 1904 मध्ये सुरू झाला आणि आजही कंपनीचाच आहे. तिथे नोंद ठेवतात तशी तिची किंमतही लावतात. 2025 मध्ये वर्ट्झ लिव्हरपूलला गेला, झाका संडरलँडला, प्रशिक्षक अलोन्सो रेआल माद्रिदला. ज्या संघासाठी मी रडलो तो वर्षभरात विकला गेला. आपली तालीम कुणाला विकता येत नाही, ती पेठेची आहे. या बाबतीत कोल्हापूर लेव्हरकुसेनच्या पुढे आहे.

2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने बायर्न म्युनिकबरोबर चौदा वर्षांखालील मुलांची स्पर्धा घेतली आणि निवडक मुलांना म्युनिकला पाठवलं. चांगलंच झालं. पण जर्मनीकडून आणायची सगळ्यात स्वस्त गोष्ट विमानाशिवाय येते: प्रत्येक सामन्याचा कागद. अकरा पूर्ण नावं, बदली खेळाडू, गोलाचं मिनिट, दुखापत. हा कागद सर्वांना बघता येईल असा आणि पुढच्या वर्षीही सापडेल असा हवा. यासाठी प्रायोजक लागत नाही, गॅलरीत बसलेली दोन पोरं आणि एक मोबाइल पुरतो.

गेल्या मोसमात मी तीन रविवार शाहू स्टेडियमवर जाऊन तसा कागद भरला. तिसऱ्या रविवारी भाऊ सोबत आला, जिने चढायला वेळ लागला. पहिला गोल झाला तेव्हा गोंधळात मला स्कोअररचा नंबर दिसला नाही. भावाने मैदानावरची नजर न हलवता त्या पोराचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

मग म्हणाला, "लिही. तेविसावं मिनिट."