परिभाषेच्या आडोशाने: व्यावसायिक कुस्तीचे वार्तांकन

अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीत निकाल आधीच ठरलेला असतो. तरीही झुंज खरी असल्याचा आभास व्यवसायातील प्रत्येकाने आखाड्याबाहेरही जपावा, या ‘केफेब’ नामक दंडकावर तिचा डोलारा अनेक दशके उभा होता. हा आभास जपता जपता मल्लांमध्ये एक आतल्या गोटातील बोली रुळली: ठरवून केलेले ते ‘वर्क’, खरोखर घडलेले ते ‘शूट’, खलपात्र म्हणजे ‘हील’ आणि त्याने प्रेक्षकांत चेतवलेला रोष म्हणजे ‘हीट’. १९८० च्या दशकात डेव्ह मेल्टझर आणि वेड केलर यांच्या वार्तापत्रांनी ही बोली वाचकांपर्यंत पोहोचवली, तेव्हा ती पडद्यामागचे व्यवहार उलगडण्याचे साधन होती. आजच्या बऱ्याच वार्तांकनात मात्र ती माहितीची उणीव झाकण्याच्या कामी येते.

उदाहरणार्थ, ‘बरी करणे’ (इंग्रजी ‘bury’, अर्थात गाडणे) म्हणजे व्यवस्थापनाने एखाद्या मल्लाची पत हेतुपुरस्सर संपवणे. पण आता कोणत्याही पराभवाला हीच संज्ञा चिकटवली जाते. १९९७ च्या ‘रेसलमेनिया १३’ या कुस्ती-सोहळ्यात स्टीव्ह ऑस्टिन ब्रेट हार्टकडून हरला खरा, परंतु रक्तबंबाळ अवस्थेत शुद्ध हरपेपर्यंत त्याने शरणागती पत्करली नाही आणि त्या पराभवातूनच तो लोकांचा नायक झाला. म्हणजे या कलेत निकालापेक्षा त्याची मांडणी निर्णायक असते, हे मूलभूत तत्त्वच असा शब्दप्रयोग विसरतो. ‘हीट’ची गतही तशीच आहे: सहकाऱ्यांची वा वरिष्ठांची नाराजी, असा तिचा दुसरा अर्थ रूढ असल्याने ‘अमुक मल्लावर हीट आहे’ एवढे लिहिले की कोण, कोणावर, कशासाठी नाराज, हे सांगण्याची गरजच उरत नाही.

‘शूट’चा गैरवापर याहून गंभीर आहे. २०११ मध्ये सीएम पंक हा मल्ल आपल्या कुस्ती कंपनीच्या मालकांवर जाहीर टीका करत असताना त्याचा ध्वनिक्षेपक बंद पडला, तो प्रसंग कंपनीच्याच संमतीने रचलेला होता. अशा ‘वर्क्ड शूट’ला, म्हणजे खरेपणाचा मुलामा दिलेल्या कथानकाला, निखळ शूट म्हणून छापणारा वार्ताहर नकळत त्या कथानकाचा प्रचारक बनतो. त्यात सनसनाटी मथळे निनावी सूत्रांच्या हवाल्याने भाकिते करतात आणि ती चुकली की ‘ऐनवेळी योजना बदलली’ असा खुलासा होतो. योजना खरोखरच बदलत असल्यामुळे हा खुलासा खोटा पाडता येत नाही आणि उत्तरदायित्व कोणावरच येत नाही.

याउलट, २०२२ मध्ये त्याच कंपनीचे तत्कालीन प्रमुख व्हिन्स मॅकमहोन यांनी केलेल्या गुप्त तडजोडीची संचालक मंडळ चौकशी करत असल्याचे वृत्त ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या अर्थविषयक दैनिकाने दिले, तेव्हा त्याला या परिभाषेची गरज भासली नाही. ही परिभाषा त्याज्य नाही, कारण कलेच्या समीक्षेला तिच्या संज्ञा लागतातच. परंतु संज्ञा पुराव्याची जागा घेऊ लागली, की समीक्षा आणि वृत्त दोन्ही एकाच वेळी दुबळी होतात.