केटे कोल्विट्स : करुणा आणि पक्ष

चळवळीच्या कामी आलेल्या कलाकृतीकडे आपली समीक्षा प्रायः संशयाने पाहते. ‘प्रचार’ हा शब्द उच्चारला की परीक्षणाचे श्रम वाचतात. केटे कोल्विट्स (१८६७–१९४५) या जर्मन कलावतीच्या बाबतीत मात्र ही पळवाट उपयोगी पडत नाही.

१८९१ मध्ये विवाहानंतर ती बर्लिनच्या कामगारवस्तीत राहावयास आली. पती डॉक्टर, त्याच्याकडे येणाऱ्या श्रमिक स्त्रिया तिच्या रेषेत उतरल्या. हाउप्टमानच्या नाटकावरून स्फुरलेल्या ‘विणकरांचा उठाव’ या चित्रमालेला १८९८ मध्ये पदक देण्याची शिफारस झाली, ती कैसरने फेटाळली. चित्रांतील दाहकता सत्तेने अचूक ओळखली होती!

परंतु तिची खरी झेप ‘शेतकरी युद्ध’ (१९०२–०८) या मालेत दिसते. ‘उद्रेक’ या चित्रात दोन्ही बाहू उभारून जमावाला पुढे लोटणारी आना आपल्याला पाठमोरी दिसते. तिचा चेहरा न दाखवता साऱ्या उठावाचा वेग त्या एका पाठीत साठवणे, हे केवळ रचनाकौशल्य नव्हे. इतिहासाची प्रेरकशक्ती म्हणून स्त्रीची स्थापना त्यात आहे. याच मालेत बलात्कारानंतर तुडवलेल्या बागेत पडलेली स्त्री आहे. येथे आक्रोश नाही. देह झाडापानांत जवळजवळ हरवला आहे. तो शोधण्यास पाहणाऱ्याला जो वेळ लागतो, त्यातच चित्राचा आरोप आहे.

१९१४ मध्ये धाकटा मुलगा पेटर बेल्जियममध्ये पडला. त्याला युद्धावर जाण्याची अनुमती पतीकडून तिनेच मिळवून दिली होती. त्याच्या स्मारकाची कल्पना बदलत गेली आणि १९३२ मध्ये ते उभे राहिले, तेव्हा त्यात मुलगा नव्हताच; गुडघे टेकलेले, एकमेकांपासून वेगळे असे मातापिता तेवढे होते. याच्यापुढे १९२४ चे ‘पुन्हा युद्ध नको’ हे भित्तिपत्रक मला उणे वाटते. उंचावलेल्या हातात घोषणा आहे, पण अनुभवाचा भार नाही. तिच्या उत्तरकाळातील स्त्री बहुधा माताच असते, हा आक्षेपही निराधार म्हणता येत नाही. मात्र १९४२ च्या सुमाराच्या शिलामुद्रेत मुलांना अंगाखाली घट्ट दाबून धरणारी वृद्धा वात्सल्यमूर्ती नव्हे. ती आज्ञाभंग करणारी आहे.

प्रशियन कला अकादमीने १९१९ मध्ये तिला सदस्यत्व दिले.  नाझींविरुद्ध डाव्यांच्या एकजुटीच्या आवाहनावर सही केल्यामुळे १९३३ मध्ये तिला ते सोडावे लागले. १९९३ मध्ये मात्र तिची मृतपुत्र मांडीवर घेतलेल्या मातेची लहानशी मूर्ती अनेक पटींनी वाढवून बर्लिनच्या राष्ट्रीय स्मारकात बसविण्यात आली. मूळ मूर्तीत माता मुलाला देहाच्या वळणात लपवू पाहते. त्या भव्य आकारात तो आडोसा उरलेला नाही.