लयीचा मास्तर आणि सर्जनची सुरी

मंडळी, तोतरेपणाचा विषय निघाला, की डेमॉस्थेनिसची गोष्ट हमखास निघते. तोंडात खडे धरून त्याने जिभेला वळण लावलं आणि तो मोठा वक्ता झाला. वक्तृत्व स्पर्धेला निघालेल्या मुलांना आपण ती आजही सांगतो. प्लुटार्कने ती लिहिली डेमॉस्थेनिसच्या मृत्यूनंतर सुमारे चारशे वर्षांनी. ती खरी की खोटी, ते सोडून देऊ. तिच्यात एक गृहीत दडलंय, ते आज तपासू. अडखळणं मेहनतीने जातं. म्हणजे ज्याचं गेलं नाही, त्याची मेहनत कमी पडली!

अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये वक्तृत्वाचे धडे हा चांगला चालणारा व्यवसाय झाला. टॉमस शेरिडन हा आयरिश नट. त्याने 1761 मध्ये एडिंबरात जाऊन स्कॉटिश सभ्य गृहस्थांना ‘शुद्ध’ इंग्रजी बोलायला शिकवलं. पुढच्या वर्षी त्याची व्याख्यानं छापली गेली. गावाकडचा हेल आणि जिभेचं अडखळणं ही दोन्ही एकाच मास्तरने काढायची व्यंगं ठरली, ती या वातावरणात.

आता जॉन थेलवॉलकडे येऊ, कारण आपल्या दृष्टीने हाच माणूस सगळ्यांत महत्त्वाचा. सर्वसामान्यांना मताधिकार हवा म्हणून तो लंडनमध्ये भाषणं करी. 1794 मध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. पण लगेच 1795 मध्ये सभांवर बंधनं घालणारे कायदे आले. राजकारणातला आवाज असा दाबला गेल्यावर हा गृहस्थ वक्तृत्वाचा शिक्षक झाला, आणि ज्यांना बोलताना अडथळा येतो त्यांच्यावर उपचार करू लागला.

हेन्री क्लाइन या सर्जनला उद्देशून त्याने 1810 मध्ये एक दीर्घ पत्र प्रसिद्ध केलं. त्याचं म्हणणं असं, की बहुतेक अडथळे अवयवांत नसतात. सवयीत, मनात आणि शिक्षणाच्या अभावात असतात. बोलण्याला आघात आणि विश्रांतीची लय असते, ती सापडली की वाट मोकळी होते. हे निरीक्षण हुशारीचं आहे. गाताना किंवा समूहात एकसुरात म्हणताना बहुतेकांचं अडखळणं थांबतं, हे आपल्यालाही माहीत आहे.

थेलवॉलचं मोठेपण कळायला पुढचं पाहावं लागतं. इटार या फ्रेंच वैद्याने 1817 मध्ये जिभेखाली ठेवायचा सोन्याचा किंवा हस्तिदंती काटा सुचवला. 1841 मध्ये बर्लिनच्या डिफेनबाखने तोतऱ्या माणसांच्या जिभेच्या मुळाशी पाचर कापून काढली. भूल देण्याची सोय त्या वेळी नव्हती. फ्रान्समध्येही सर्जन सुऱ्या घेऊन पुढे आले. लाट लवकरच ओसरली. त्यापुढे थेलवॉलची लय किती माणुसकीची वाटते, नाही का?

तरीही इथे आमचा आक्षेप आहे. सुरीने दोष जिभेत पाहिला. थेलवॉलने तो जिभेतून काढून माणसाच्या मनात आणि वळणात ठेवला. उपाय लागू पडला तर श्रेय पद्धतीचं. नाही पडला तर शिष्याचं मन दुबळं. म्हणजे खड्यांचीच गोष्ट, फक्त शास्त्राच्या भाषेत. आज आपण जाणतो, की यात मेंदूच्या कामाचा आणि आनुवंशिकतेचाही भाग असतो. लुइस कॅरल जेम्स हंट या नामांकित उपचारकाकडे गेला, तरी त्याचं अडखळणं पूर्ण गेलं नाही. त्याने मेहनत केली नाही, असं म्हणायचं का?

आणि खंत वाटते ती याची, की स्वतःचं तोंड सरकारने बंद केलेला हा माणूस. बोलण्यात अडथळा बाहेरूनही येतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण त्याचा भर ऐकणाऱ्यांवर नव्हता, शिष्यावर होता. वाक्य पुरं होईपर्यंत थांबा, मध्येच शब्द पुरवू नका, हसू नका, एवढं सभेलाही शिकवता आलं असतं. स्पर्धेत परीक्षक म्हणून बसताना, अडखळणाऱ्या मुलाचे गुण कापण्याआधी आपण तेवढं तरी शिकू या.