चेहरा, पाठ आणि इकामा

बंगालचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज उंटावर बसला आहे. डोक्याला पगडी, अंगात पौर्वात्य झगा, हातात ढाल. एडमंड बर्क त्याच्यावर बंदूक झाडतो आहे, चार्ल्स जेम्स फॉक्स खंजीर उपसून धावला आहे, आणि लॉर्ड नॉर्थ तेवढ्यात पैशाची थैली लांबवू पाहतो आहे. लंडनचा व्यंगचित्रकार जेम्स गिलरे याचं हे चित्र ११ मे १७८६ चं. हेस्टिंग्ज हिंदुस्थानचा तारणहार आणि संसदेतले विरोधक दरोडेखोर, असा त्याचा सरळ अर्थ. त्याच गिलरेचं १ मार्च १७८८ चं चित्र पाहा. लॉर्ड चॅन्सेलर थर्लो रक्ताच्या समुद्रातून वाट काढतो आहे, भोवती प्रेतं तरंगताहेत, आणि त्याच्या खांद्यावर बसून, थैल्या सांभाळत, हेस्टिंग्ज पैलतीराला निघाला आहे. दोन वर्षांत तारणहाराचा खाटीक झाला. मधल्या काळात, १३ फेब्रुवारीला, त्याच्यावरचा महाभियोग सुरू झाला होता हे खरं. पण गिलरेचं मतपरिवर्तन झालं असेल यावर माझा विश्वास नाही. प्रकाशक वेगळा होता, बाजाराचा वारा फिरला होता.

कारण हा धंदा होता. तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, साधा छाप एक शिलिंगला, हाताने रंगवलेला दोनला विकायचा, आणि ताजा माल दुकानाच्या काचेत लावायचा. घेणाऱ्यांपेक्षा काचेपुढे गर्दी करून फुकट बघणारे जास्त. या धंद्याची धार किती होती ते जेम्स सेयर्सच्या चित्रावरून कळतं. ५ डिसेंबर १७८३ ला त्याने फॉक्सला मोगली थाटात हत्तीवर बसवून ईस्ट इंडिया कंपनीच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कचेरीकडे नेलं. हत्तीचं तोंड लॉर्ड नॉर्थचं, पुढे कर्णा फुंकत बर्क. बाराव्या दिवशी फॉक्सचं इंडिया बिल लॉर्ड्सच्या सभागृहात पडलं. ते पडलं राजाच्या दडपणामुळे, पण फॉक्स स्वतः या चित्रालाही बोल लावत असे. पंतप्रधान पिटने सेयर्सला सरकारी जागा देऊन उपकार फेडले. पुढे गिलरेलाही १७९७ पासून सरकारकडून सालाना २०० पौंड सुरू झाले. निःस्पृहतेच्या गोष्टी सांगाव्यात अशी ही मंडळी नव्हेत.

पत्रकांचीही तीच तऱ्हा. हेस्टिंग्जचा मुखत्यार मेजर जॉन स्कॉट याने पत्रकांचा आणि वर्तमानपत्री पत्रांचा असा रतीब घातला की त्याच्या बाजूच्या माणसांनाही वीट यावा. त्यातलं लक्षात ठेवण्याजोगं प्रकरण मात्र दुसऱ्याच पत्रकाचं. जॉन लोगन नावाच्या लेखकाने १७८८ मध्ये हेस्टिंग्जची बाजू घेताना कॉमन्स सभागृहाच्या हेतूंवरच शंका घेतली. सभागृह खवळलं, आणि प्रकाशक जॉन स्टॉकडेलवर बदनामीचा खटला झाला. वकील थॉमस अर्स्किन. डिसेंबर १७८९ मध्ये ज्यूरीने स्टॉकडेलला सोडून दिलं. गिलरेच्या रेषेचं कौतुक करणाऱ्या पुस्तकांत या ज्यूरीला फारशी जागा मिळत नाही. माझ्या मते त्या रेषेच्या मोकळेपणाचं निम्मं श्रेय तिचं आहे.

आता लंडनहून कुवेतकडे वळू, कारण दुसरा व्यंगचित्रकार तिथे भेटणार आहे. दस्मान म्हणजे कुवेत शहराचं पूर्वेचं टोक. अमीरांचा दस्मान राजवाडा, जवळच कुवेत टॉवर्स, पुढे समुद्र. हेस्टिंग्जच्या कागदपत्रांचा या किनाऱ्याशी संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. १७७५ ते १७७९ या काळात बसरा आधी इराण्यांच्या वेढ्यात आणि मग त्यांच्या ताब्यात होतं, म्हणून कंपनीची वाळवंटी डाक कुवेतमार्गे अलेप्पोला जात असे. आपल्याकडे पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं होतं तीच ही वर्षं. पुढे १७९३ ते १७९५ कंपनीची बसऱ्याची कोठीच कुवेतला हलली होती. हेस्टिंग्ज निर्दोष सुटला २३ एप्रिल १७९५ ला.

मराठे या चित्रांत कुठे आहेत? जवळजवळ नाहीतच. मराठ्यांशी झालेलं युद्ध आणि तह हे बर्कच्या आरोपपत्रातलं एक कलम होतं, पण खटला बनारस, अयोध्येच्या बेगमा, नजराणे आणि कंत्राटं यांतच अडकला. गंमत म्हणजे याच बर्कने १७८१ मध्ये रघुनाथरावाचा वकील हणमंतराव याला बीकन्सफील्डच्या आपल्या घरी ठेवून घेतलं होतं आणि त्याच्या सोवळ्याच्या स्वयंपाकासाठी झाडं ठेवायचं काचघर रिकामं करून दिलं होतं. लंडनच्या एकाही चित्रकाराला हा विषय सुचला नाही, याचं आजही वाईट वाटतं. पुण्यात तर छापखानाच नव्हता. नाना फडणविसाची सार्वजनिक टर उडवायला १९७२ उजाडावं लागलं, तीही रंगभूमीवर. आणि ‘घाशीराम कोतवाल’ १९ प्रयोगांनंतर थांबवावं लागलं. हे झालं जवळजवळ पावणेदोन शतकांपूर्वी वारलेल्या माणसाबद्दल.

कुवेतमध्ये चित्रातून टर उडवण्याची कला गाजली ती परदेशी माणसाच्या हातून. नाजी अल-अली हा पॅलेस्टिनी निर्वासित १९६३ मध्ये ‘अल-तलीआ’ साप्ताहिकात काम करायला तिथे आला. १९६९ मध्ये ‘अल-सियासा’मध्ये त्याचा हंडाला पहिल्यांदा दिसला: अनवाणी, ठिगळं लावलेल्या कपड्यांतला, दहा वर्षांचा पोरगा. नाजीला गाव सोडावं लागलं त्याच वयाचा, आणि गाव परत मिळेपर्यंत न वाढणारा. १९७३ नंतर या पोराने वाचकांकडे पाठ फिरवली ती कायमची. हात मागे बांधलेले, डोक्यावर सुयांसारखे केस. चित्रात जे काही चाललं आहे ते तो बघतो, आणि आपण त्याच्या खांद्यावरून बघतो.

नाजीची दुसरी खूण अधिक महत्त्वाची वाटते. त्याने बहुतेक वेळा नाव घेता येईल असा नेता काढलाच नाही. त्याचे सत्ताधारी म्हणजे मानेचा पत्ता नसलेले, पाय नसलेले मांसाचे गोळे, एकासारखे एक. समोर हाडकुळा गरीब माणूस, आणि फातिमा नावाची बाई. गिलरेची सगळी मिजास चेहऱ्यावर: फॉक्सच्या दाट भुवया, पिटची काठीसारखी अंगलट, बर्कचा चष्मा. नाजीने चेहराच सोडून दिला. यात निवड किती आणि नाइलाज किती, हे वेगळं काढता येत नाही. कुवेतच्या १९६२ च्या घटनेचं ५४ वं कलम अमीरांची व्यक्ती अनुल्लंघनीय ठरवतं. आणि ज्या राजांवर नाजीचा राग होता ते एकाच देशाचे नव्हते. पण बंधनातून इतकी मोठी शैली उभी राहिल्याची उदाहरणं थोडी. गिलरेचा छाप समजायला आज तळटीप लागते, नाजीचा लठ्ठ माणूस कुठल्याही कचेरीत ओळखता येतो.

त्याला गप्प कसं केलं, तेही बघण्यासारखं आहे. १९८३ पासून तो पुन्हा कुवेतमध्ये, ‘अल-कबस’मध्ये होता. १९८५ मध्ये त्याला देश सोडावा लागला. स्टॉकडेलसारखा खटला नाही, ज्यूरी नाही. इकाम्यावर, म्हणजे निवासपरवान्यावर, राहणाऱ्या माणसाला गप्प करायला कोर्टाची गरज पडत नाही. आखातात नोकरी केलेल्या मराठी वाचकाला हे उलगडून सांगायला नको. नाजी लंडनला गेला, ‘अल-कबस’च्या तिथल्या आवृत्तीसाठी काढत राहिला, आणि २२ जुलै १९८७ ला चेल्सीत कचेरीबाहेर त्याच्यावर गोळी झाडली गेली. २९ ऑगस्टला तो गेला. गोळी कोणी घातली ते सिद्ध झालं नाही. २०१७ मध्ये लंडन पोलिसांनी तपास पुन्हा उघडला.

त्यानंतर कुवेतमध्ये त्या उंचीचं चित्र झालं नाही, असं म्हटलं तर तिथल्या चित्रकारांवर अन्याय होईल, पण थोडाच. स्थानिक टवाळी जास्त रंगली नाटकात. अब्दुलहुसैन अब्दुलरिदाचं ‘बाय बाय लंडन’ अजून लोकांच्या तोंडी आहे. पुढे १० मे २०२४ ला कुवेतची संसद विसर्जित झाली, घटनेतली काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित झाली. व्यंगचित्रकाराचं हुकमी गिऱ्हाईक म्हणजे आमदार, तेच उरले नाहीत.

आपल्याकडे चेहऱ्याची परंपरा दांडगी होती. १३ ऑगस्ट १९६० ला ‘मार्मिक’ निघालं. बाळ ठाकरे व्यंगचित्रकार डेव्हिड लोला गुरू मानत, आणि नाक-हनुवटीच्या दोन फटकाऱ्यांत माणूस उभा करत. त्यांची बाजू पटो न पटो, चित्रातला माणूस कोण हे विचारावं लागत नसे. आज मराठी दैनिकांतल्या बऱ्याच चित्रांत चेहऱ्याच्या जागी पाटी आली आहे. राक्षस काढायचा आणि पोटावर ‘महागाई’ लिहायचं. खुर्ची काढायची आणि तिच्यावर ‘सत्ता’. हा नाजीचा वारसा नव्हे. त्याच्या लठ्ठ माणसाच्या पोटावर काही लिहावं लागत नव्हतं. आणि इथे कोणाचा इकामाही रद्द होणार नव्हता.

भीती खोटी आहे असं नाही. २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदीला मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. संसदेचं शौचकूप, राजमुद्रेवर सिंहांच्या जागी लांडगे. एकाही नेत्याचा चेहरा त्यांत नव्हता, तरी बेडी पडली. ओरड झाल्यावर सरकारने त्याच्यावरचं ते कलम मागे घेतलं. प्रकरण उच्च न्यायालयापुढे होतं, आणि मार्च २०१५ च्या निकालात न्यायमूर्तींनी जाता जाता चित्रसमीक्षाही केली: या चित्रांत भ्रष्टाचाराविषयी राग आणि किळस भरपूर आहे, विनोद, चातुर्य किंवा उपरोध काहीच नाही, पण तेवढ्यासाठी काढणाऱ्याचं स्वातंत्र्य हिरावता येणार नाही. गेल्या काही वर्षांत मराठी मासिकांत व्यंगचित्रांवर जे काही छापून आलं, त्यात इतकं नेमकं परीक्षण माझ्या वाचनात नाही.