दोघांचा हिरवा

गोडा मसाला करायचा असला की दगडफुलाची पुडी मी आधी ताटात रिकामी करते. मसाला थांबतो, मी बघत बसते. वरून राखाडी, उलटवलं की कोळशासारखं काळं, कडा भाजलेल्या पापडासारख्या मुरडलेल्या. नावात दगड असला तरी ते बहुतेकदा झाडाच्या सालीवर वाढतं. फूल तर ते नाहीच. तो एकटा जीवही नव्हे. बुरशी घर बांधते आणि तिच्या धाग्यांत वसलेलं हिरवं शैवाल उन्हावर दोघांचं अन्न करतं. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी 1867 मध्ये हे मांडलं, तेव्हा कित्येक जाणकारांना ते पटलं नव्हतं.

परवा पेरूखाली पोपटाचं हिरवंगार पीस सापडलं आणि मला हेच दगडफूल आठवलं. कारण पोपटाचा हिरवाही एकट्याचा नाही.

त्या पिसात हिरवं रंगद्रव्य नसतंच. असतं ते पिवळं, आणि तेही पोपटाने अंगात स्वतः घडवलेलं. रोहित पक्ष्याचा गुलाबी खाण्यातून येतो, तसं नव्हे. निळा तर द्रव्यच नाही. पिसाच्या तंतूंतली स्पंजासारखी अतिसूक्ष्म जाळी निळा प्रकाश तेवढा परतवते, बाकीचा खालचं काळं अस्तर पिऊन टाकतं. तो निळा पिवळ्यातून गाळून आला की आपण म्हणतो पोपटी! पाळीव बजरीगर पोपटांत हे पिवळं न बनणारे पक्षी निळेच दिसतात. त्यामागचं जनुक 2017 मध्ये सापडलं. आणि मी थक्क झाले ती पुढे: ते जनुक ज्या घराण्यातलं विकर बनवतं, त्याच घराण्यातलं विकर युरोपच्या किनारी खडकांवरच्या झँथोरिया या दगडफुलाला केशरी रंग देतं. एक पक्षी, एक बुरशी, आणि रंगाची भट्टी एका जातीची.

तरीही माझं झुकतं माप दगडफुलालाच. पोपटाचा हिरवा फांदीवर बसल्या बसल्या मन जिंकतो. दगडफुलाचा कोरड्या दिवसांत त्याच्या स्वतःच्या राखाडी सालीआड दडून असतो. पाऊस पडला की ती साल ओलीने पारदर्शक होते आणि आतलं शैवाल हिरवं उमलून येतं.

पहिल्या सरींनंतर घाटात गेलात तर एखाद्या जुन्या बुंध्याशी थांबून हे जरूर बघा. फक्त नखाने खरवडू नका. ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं.