शर्यतीच्या होड्या आणि चाळीस सेंटिमीटरचा नियम

विलेपार्ल्यात शाळा-महाविद्यालयांची दाटी आहे. होड्या सोडता येतील असे तळे मात्र नाही. त्यामुळे इथे होड्यांची शर्यत ठेवायची तर मैदानावर ताडपत्रीचा हौद बांधावा लागतो. अशाच एका हौदाकाठी, एका महाविद्यालयाच्या तंत्रमहोत्सवात, मी परीक्षक म्हणून बसलो होतो. स्पर्धा रेडिओनियंत्रित विद्युत होड्यांची होती आणि शाळांनाही प्रवेश होता. नियमपत्रिका एका पानाची. होडी ४० सेंटिमीटरपेक्षा लांब व ३० सेंटिमीटरपेक्षा रुंद नसावी. विद्युतदाब १२ व्होल्टपेक्षा जास्त नसावा. तीन फेऱ्या सर्वांत कमी वेळात पूर्ण करील ती होडी विजयी.

पहिली आलेली होडी बाजारातून तयार आणलेली होती. ब्रशलेस मोटर, लिथियम-पॉलिमर बॅटरी. ती पाण्यात जेमतेम टेकत होती. शेवटून दुसरी आली ती नववीतल्या तीन मुलांची होडी. थर्मोकोल कापून, त्यावर कागद चिकटवून, खेळण्यातली मोटर बसवून त्यांनी ती स्वतः तयार केली होती. बक्षीस समारंभानंतर त्यांतला एक जण मला म्हणाला, "सर, दोन्ही होड्या चाळीस सेंटिमीटरच्याच होत्या ना? मग आमचं चुकलं कुठं?"

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर नियमपत्रिका पुन्हा वाचली, तेव्हा लक्षात आले की चूक मुलांची नव्हती, नियमाची होती. शाळांतून अशा स्पर्धा घेऊ पाहणाऱ्या शिक्षकांसाठी ही चूक समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण तिच्या मुळाशी चांगले भौतिकशास्त्र आहे.

आधी लांबीच्या नियमाची बाजू पाहू. पाणी कापत जाणारी होडी स्वतःच्या वेगाइतक्याच वेगाने सरकणाऱ्या लाटा निर्माण करते. खोल पाण्यातील लाटेचा वेग तिच्या तरंगलांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. होडीने उठवलेल्या लाटेची लांबी होडीच्या लांबीइतकी झाली, की होडी स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकते आणि पुढे थोडा वेग वाढवायलाही फार जास्त शक्ती लागते. हा वेग मीटर प्रतिसेकंदात काढायचा तर लांबीचे (मीटरमधील) वर्गमूळ घेऊन त्याला १.२५ ने गुणावे. ४० सेंटिमीटरच्या होडीसाठी उत्तर येते सुमारे ०.८, १ मीटरच्या होडीसाठी १.२५. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७२ साली टॉर्की येथे उभारलेल्या हौदात जहाजांच्या प्रतिकृती ओढून या प्रकारच्या रोधाचा पद्धतशीर अभ्यास केला. तेव्हा शिडाच्या होड्यांत लांबी हे वेगाचे माप ठरते, हे खरे. प्रतिकृतींच्या जगातील मार्बलहेड गट १९३० साली सुरू झाला. त्यात लांबी ५० इंच आणि शिडाचे क्षेत्रफळ ८०० चौरस इंच अशी बंधने घातली गेली. शिडाचे क्षेत्रफळ म्हणजे वाऱ्याकडून मिळणारी शक्ती. म्हणजे तिथेही एकट्या लांबीवर कोणी विसंबले नव्हते.

विद्युत होडीत चित्र पालटते. मोटर पुरेशी जोरकस असेल तर होडी लाटेचा चढ ओलांडून पाण्याच्या पृष्ठभागावर घसरू लागते. मग ०.८ मीटरची ती मर्यादा उरत नाही. ४० सेंटिमीटरची होडी सेकंदाला ८ मीटर, म्हणजे त्या मर्यादेच्या दहापट वेगाने जाऊ शकते. या अवस्थेत निकाल ठरवते ती प्रामुख्याने शक्ती आणि वजन. आमच्या पत्रिकेत वजनाचा उल्लेखच नव्हता.

शक्तीवर बंधन म्हणून १२ व्होल्टची अट होती, असे कोणी म्हणेल. पण शक्ती म्हणजे विद्युतदाब गुणिले विद्युतप्रवाह, हे आपण दहावीपर्यंत शिकवतो. ११.१ व्होल्टला १ अँपियर प्रवाह घेणारी मोटर ११ वॅट खर्च करते; ४० अँपियर घेणारी ४४४ वॅट. दोन्ही होड्या नियमात बसतात. शिवाय १२ व्होल्ट केव्हा मोजायचे? लिथियम-पॉलिमरचे तीन घट एकसर जोडणीत लावले तर बॅटरीवर ११.१ व्होल्ट छापलेले असते, पण पूर्ण भारित अवस्थेत प्रत्येक घट ४.२ व्होल्टचा, म्हणजे एकूण १२.६ व्होल्ट भरतात. पत्रिका शब्दशः वाचली असती तर विजेती होडी बादच झाली असती. लांबीचेही तसेच. सुकाणूसकट मोजायची की सुकाणू सोडून, याचा खुलासा नव्हता.

अनुभवी संघटनांनी हा प्रश्न कसा सोडवला आहे? उत्तर अमेरिकेतील नॅम्बा ही संघटना विद्युत होड्यांचे गट घटांच्या संख्येवरून पाडते: 'पी' गटात एकसर जोडणीतले चार घटांपर्यंत, 'क्यू' गटात सहापर्यंत. नवशिक्यांचा खर्च आटोक्यात राहावा म्हणून काही गटांत मोटरीवरही मर्यादा आहे. १९५९ साली स्थापन झालेल्या नाविगा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 'इको' गटात बॅटरीचे वजन मर्यादित असते आणि शर्यत सहा मिनिटांची. हा नियम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण तो ऊर्जेला हात घालतो.

कसे ते पाहा. २.२ अँपियर-तासाची बॅटरी २२ अँपियरने वापरली तर बरोबर ६ मिनिटे पुरते. ४० अँपियरने वापरली तर ३.३ मिनिटांत संपते आणि होडी मध्येच थांबते. ढोबळमानाने रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो असे धरले, तर लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढवला की शक्ती ३३ टक्के जास्त लागते आणि ६ मिनिटांची बॅटरी साडेचार मिनिटांत संपते. आता केवळ मोठी मोटर विकत आणून भागत नाही. पंख्याचा आकार, होडीचा तळ, वळण किती जवळून घ्यायचे, असा सगळ्याचा विचार करावा लागतो.

शाळेसाठी हेच सोपे करता येईल. सर्व संघांना आयोजकांनीच निकेल-मेटल हायड्राइडचे चार छोटे घट द्यावेत, प्रत्येकी १.२ व्होल्ट, ०.७५ अँपियर-तास. एकूण ऊर्जा होते ३.६ वॅट-तास, म्हणजे १२,९६० जूल. शर्यत २० मिनिटांची ठेवली तर सरासरी शक्ती १०.८ वॅट मिळते. जास्त फेऱ्या मारील ती होडी विजयी. एवढ्या कमी शक्तीत होडी बराच वेळ त्या ०.८ मीटरच्या आसपासच राहील, आणि मग ४० सेंटिमीटरच्या अटीला प्रथमच खरा अर्थ येईल. हलकी होडी करून लाट ओलांडायची की सावकाश जाऊन ऊर्जा राखायची, हा निर्णय मुलांना आकडेमोड करून घ्यावा लागेल. लिथियमच्या बॅटरीतील आगीचा धोकाही टळेल.

यावर आक्षेप येतील. लांबी मोजायला फूटपट्टी पुरते, म्हणून तो नियम सोयीचा, असे आयोजक म्हणतात. लहान हौदात लांबीवर मर्यादा हवीच, हे मलाही मान्य आहे. पण घट वाटून देणे हे फूटपट्टीपेक्षा अवघड नाही. उलट त्यात तपासायचे काही उरतच नाही. दुसरा आक्षेप असा की ज्यांना वेगवान होड्या करायच्या आहेत त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी वेगळा गट ठेवावा आणि घटांची संख्या, बॅटरीचे वजन व होडीचे किमान वजन लिहून द्यावे. शिडाच्या 'एक मीटर' गटात होडी किमान ४ किलोग्रॅमची असावीच लागते. महागडी, अतिहलकी बांधणी करून फायदा उपटण्याला त्यामुळे आळा बसतो.

निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये बॅटरीवर चालणारी रेडिओनियंत्रित होडी लोकांना दाखवली, तेव्हा तिच्यापुढे कोणती नियमावली नव्हती. आपल्या मुलांपुढे ती असते, आणि ज्या राशीवर नियम बंधन घालतो तिच्याशीच मुले झुंजतात. आमच्या पत्रिकेत ऊर्जेवर बंधन नव्हते, म्हणून ती तीन मुले ऊर्जेविषयी काही न शिकता, पैसा असला की जिंकता येते एवढेच शिकून घरी गेली. आपल्या शाळेत अशी स्पर्धा ठेवण्यापूर्वी शिक्षकांनी नियमपत्रिकेचा मसुदा नववी-दहावीच्या वर्गात वाचून दाखवावा आणि त्यातून पळवाटा शोधायला मुलांनाच सांगावे. एका तासात आमच्यापेक्षा चांगली नियमावली तयार होईल.